लेकीच्या घरचे पाणी

या खिंडीत डाव्या हाताला जो दगडी ओटा दिसतो, त्याला आम्ही बापाचा ओटा म्हणतो. बसा घटकाभर. खाली दिसते ते आमचे कोंढारी.

माझ्या आजीच्या आजीच्या काळची गोष्ट. आठ कोसांवर हिंगणमाळला सटवाजी सुतार राहत असे. बायको लवकर गेली. एकुलती लेक ठकू, ती इथे कोंढारीला दिली. घरात बोलायला माणूस उरले नाही, तेव्हा तो रंध्याशी बोले, असे सांगतात.

रीत तेव्हा कडक होती. लेकीची कूस उजवेपर्यंत बापाने तिच्या घरचे काय, गावचे पाणीही प्यायचे नाही. चालत यावे तर मुक्काम पडणार, आणि मुक्काम म्हटला की अन्नपाणी आले. ठकूला मूल नव्हते, आणि सासरचे तिला माहेरी धाडत नसत. चार वर्षे बापाने लेक पाहिली नाही.

त्या सुमारास सडकेची मोजणी करणारा एक गोरा साहेब दुचाकीवरून हिंगणमाळला आला. तिचे मोडलेले चाक सटवाजीने दुरुस्त केले आणि सारे यंत्र डोळ्यांत साठवून घेतले. पावसाळाभर खपून त्याने बाभळीची तशीच दुचाकी केली म्हणे. चाकांना बैलगाडीसारखी लोखंडी धाव. साखळी नाही, रबर नाही, पाय मारायचे ते पुढच्या चाकालाच. लोक हसले. पण दर अमावास्येला, बैल जुंपत नसल्याने काम नसे तेव्हा, तो पहाटे निघे, दुपारी लेकीच्या ओसरीवर जरा टेके आणि दिवस मावळेतो घर गाठी. दुचाकी इतकी हादरे की बांधलेले मडके वाटेतच फुटे. म्हणून पाणी प्यायचे ते या खिंडीतल्या झऱ्यावर.

एका वैशाखात झरा आटला. त्या अमावास्येला दुपारी ठकू तांब्या घेऊन ओसरीवर आली.

"बा, ओठ बघ तुझे. घे की."

सासू दारातच उभी होती. सटवाजी म्हणाला, "वाटेत प्यालोय पोरी, पोटभर."

तिने तांब्या आत नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मेंढक्याने निरोप आणला. सटवाजी कोरड्या झऱ्यापाशी निजल्यासारखा पडला होता. दुचाकी दगडाला नीट टेकवून ठेवलेली.

ठकू रडली नाही म्हणे. दिवसकार्य झाल्यावर ती इथे येऊन बसली आणि पाणी पिणेच सोडले. तिसऱ्या दिवशी सासूच तांब्या घेऊन खिंड चढली.

"पी बाई. चुकले माझे."

"मला नको, आत्याबाई. पुढच्या बापांना द्याल का?"

सासूने झऱ्याच्या दगडावर हात ठेवून शब्द दिला, तेव्हा ठकूने ओंजळ पुढे केली. मूल तिला पुढेही झाले नाही. हा ओटा तिने एकटीने रचला, आणि म्हातारपणापर्यंत दर अमावास्येला दुपारी ती इथे येऊन बसे.

आजही कोंढारीत सोयरीक जुळली की मुलीच्या बापाला आधी घरी बोलावतात. नवऱ्या मुलाची आई स्वतःच्या हाताने त्याला पाणी देते, मगच सुपारी फुटते. पुष्कळांना तो पहिला घोट लवकर गिळता येत नाही. आम्ही थांबतो.