सड्यावरची उंडी

या मायबापहो, थोडे पुढे सरकून बसा. सडेवेळची गोष्ट सांगतो.

सडेवेळ म्हणजे समुद्रावर वाकलेला डोंगर. एका उधाणात खालचे गाव बुडाले, तेव्हा वाचलेली माणसे सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या खडकाळ पठारावर, चढली आणि त्यांनी कड्यावर उंडीचे झाड लावले. खाडीच्या तोंडावरचा पांढरा खडक आणि वरची उंडी एका रेषेत आली की सुकाणू धरणाऱ्या तांडेलाने गलबत आत घ्यायचे. रेषा चुकली की खडकावर चुरा! म्हणून त्या झाडाला कुणी कुऱ्हाड लावत नसे.

त्या आश्विनात मोरनाथ महाराज कीर्तनासाठी गावात उतरले होते. दर्यात नवरा गमावलेली आवडी कोळीण रोज उंडीला पाणी घाली. घाटावरून आलेले अंतोबा खोत हसत, "आवडे, शंभर पावसाळे प्यालेल्या झाडाला तुझा तांब्या कशाला गं? देव देवळात असतो." आणि देवळाच्या मंडपाला तुळई हवी म्हणून त्यांनी उंडीच पाडली. आवडीने पाय धरले, पण खोतांनी ऐकले नाही.

उंडी पाडल्याच्या चौथ्या दिवशी दुपारी वारा फिरला. महाराजांनी तीनदा अभंग धरला, तीनदा सोडला, त्यांना बसवेना. इतक्यात ओरड झाली, की खोतांच्या मुलाचे गलबत खाडीच्या तोंडाशी हेलकावते आहे, तांडेलाला रेषा सापडत नाही. खोत कड्याकडे धावले, मागोमाग महाराजही. आवडी तिथे आधीच उभी होती.

"म्हाराज, आता गलबताक खूण खंयची?" ती रडत म्हणाली.

महाराज म्हणाले, "आवडी, खुंटावर उभी राहा. हात वर कर. एवढी वर्षे झाडातल्या ज्या देवाला पाणी घातलेस, तो तुला विसरेल का?"

ती उभी राहिली. वाऱ्याने तिचे लुगडे फडफडत होते. महाराज मागे उभे राहून नाम घेत होते. गलबत एकदा खडकाकडे ढकलले गेले, वळले, आणि सरळ आत आले.

मुलगा धापा टाकत वर आला. "बाबा, पाण्याच्या तुषारांत काही दिसत नव्हते. मग एकदम उंडी दिसली, हिरवीगार, फांद्या हलत होत्या. कुठे आहे ती?"

खोतांनी पागोटे काढले आणि आवडीच्या पायांवर डोके ठेवले. ती संकोचून बाजूला झाली. महाराज म्हणाले, "तिथेच उभी राहा गं, त्यांना वाकायला जागा हवी होती."

खुंटाला पुढे धुमारा फुटला. मायबापहो, कुठूनही सुखरूप घरी आलात, तर उंबऱ्यावर क्षणभर थांबा, आणि हात वर करून उभ्या राहिलेल्या आवडीची आठवण काढा.