देशावर ठेवलेलं बोट

यवतमाळकडच्या एका लहानशा प्रयोगशाळेत मंदाकिनी गेडाम यांनी विहिरीच्या पाण्यातलं फ्लोराइड ओळखणारी कागदी पट्टी तयार केली होती. त्या पाण्यानं तिकडे ऐन उमेदीतल्या माणसांचे गुडघे वाकत होते. पट्टी घरोघर पोचवायला मंजुरी हवी, म्हणून बाई दिल्लीच्या समितीपुढे उभ्या राहिल्या.

अध्यक्ष दिघेसाहेबांनी प्रस्ताव वरवर चाळला. "बाई, हे दोन-चार तालुक्यांचं काम. आम्ही देशाचा विकास बघतो. राष्ट्रीय यादीत बसेल असं काही आणा."

बाईंचा आवाज शांत राहिला. भिंतीवरच्या नकाशाकडे पाहत त्या म्हणाल्या, "सर, मला देश दाखवता? फक्त बोट कुठल्याही तालुक्यावर पडू देऊ नका."

साहेब हसत उठले. बोट नकाशावर फिरलं, अडखळलं, आणि साहेब जिथे लहानाचे मोठे झाले त्या तालुक्यावर येऊन टेकलं. बराच वेळ ते तिथून हललं नाही.

"माझी आई इथली," ते हळूच म्हणाले. "तिचेही गुडघे वाकले होते. आम्ही म्हणायचो, वय झालं."

त्या दिवशी मंजुरी मिळालीच. शिवाय राष्ट्रीय यादीच्या तळाशी साहेबांनी स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली: विहिरीचं पाणी.