सांकव उठेपर्यंत

एका ओढ्याकाठच्या गावात एक सावकारीणबाई राहायची. सगळे तिला काकू म्हणत. दिवाळीनंतर गावकरी ओढ्यावर लाकडांचा सांकव घालत आणि पुरात वाहून जाऊ नये म्हणून मृगाआधी काढून ठेवत. काकूचं कर्जही तसंच, सांकव असेपर्यंतचं. नवं घर घेतलंय आणि जुनं विकायचंय, त्या मधल्या दिवसांपुरतं. मुदत थोडी, व्याज जड.

पूर्वी काकूचा नवरा लोकांना हे समजावायचा आणि काकू चिडायची. गेल्या वर्षी तो गेला. आता समजावणं आणि चिडणं, दोन्ही तिच्याच वाट्याला आलं होतं.

गावात एक घरं घेणारा होता. पडकं घर घ्यायचं, डागडुजी करायची, विकायचं, हा त्याचा धंदा. पौषात तो धावतच आला.

"काकू, पलीकडचं गोदाम मिळतंय! पन्नास मोहरा, पण आठ दिवसांत हव्यात."

"पिंपळाजवळचं घर विकलंस?"

"विकल्यातच जमा!"

"इसार कुणी दिला?"

"इसार नाही घेतला. पण दहा जण रांगेत आहेत."

"रांग मी मोजत नाही. इसाराची एक मोहर दाखव."

"तुम्ही म्हणजे ना, काकू! राहतं घर तारण ठेवतो, मग तर झालं?"

काकूने कपाळाला हात लावला. "अरे, त्या घरात तुझी म्हातारी आई आहे!"

"तिला कळणारसुद्धा नाही."

"ठीक आहे. महिना दोन मोहरा व्याज. सांकव काढतील त्या दिवशी सगळं परत, नाहीतर राहतं घर माझं. बरा भाव देणारं पहिलं गिऱ्हाईक आलं की विकून मोकळा हो. ऐकतोयस ना?"

तो सही करून उंबऱ्याबाहेर पडलाही होता.

माघात एक कासार आला. पिंपळाजवळच्या घराला ऐंशी मोहरा द्यायला तयार.

"शंभर," हा म्हणाला.

काकूने निरोप धाडला, "वीक." उलट निरोप आला, "अजून चार महिने आहेत."

चैत्रात एक वैद्य सत्तर द्यायला आला. काकू स्वतः गेली.

"काकू, ऐंशीला नाही म्हटलं, मग सत्तरला कसं देऊ?"

"त्या ऐंशी आता आहेत कुठे?"

"येतील की."

ज्येष्ठ लागला. आभाळ भरून आलं आणि गावकरी सांकवाचे दोर सोडू लागले. तेव्हा हा धापा टाकत आला. मागून तोच कासार, सावकाश.

"साठ देतोय, काकू."

"देणारच. तुझी घाई त्याला कळली ना!"

साठच्या साठ मोहरा काकूकडे गेल्या, पन्नास मुदलाच्या, दहा व्याजाच्या. घराची एवढी डागडुजी केली, हाती एक मोहर उरली नाही. काकूने तारणाचा कागद फाडला.

"जा, आईला सांग, घर वाचलं."

"तिला ठाऊकच नव्हतं, काकू."

"म्हणजे पाच महिने घोर मला एकटीलाच होता तर!"

पुढच्या दिवाळीनंतर सांकव पुन्हा घातला. दुसऱ्याच दिवशी तो हसतमुखाने दारात हजर. त्याने तोंड उघडायच्या आत काकू ओरडली, "इसार?"

एक वहाण काढली होती, ती त्याने परत पायात घातली.

"आणतो, काकू."

तात्पर्य: मधल्या दिवसांचं कर्ज काढण्याआधी ते फेडणारं गिऱ्हाईक पक्कं करावं, मुदत आपल्या मनातल्या भावासाठी थांबत नाही.