नामीमाईंचे आमेन अडले तेव्हा

प्रभूच्या प्रिय भगिनींनो, आणि मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसलेल्या बंधूंनो, त्या वर्षी नामीमाईंचा मुक्काम चिंचबारीला होता. चिंचबारी नगर जिल्ह्यात आहे. नकाशावाल्यांना मात्र ती अजून सापडलेली नाही. माई बायबलबाई होत्या. खांद्याला पिशवी, पिशवीत शास्त्र, हातात काळी छत्री, आणि गावोगाव पायी हिंडून बायाबापड्यांना प्रभूचे वचन सांगायचे, हे त्यांचे काम. माईंची प्रार्थना तीन वाक्यांची असे. चौथे वाक्य कुणी कधी ऐकले नव्हते. "प्रभूला पहिल्यांदाच ऐकू येतं," माई म्हणत, "पुन्हा पुन्हा सांगायला तो काय तलाठी आहे?"

चिंचबारीच्या मंडळीत दबोरा ओहोळ नावाची एक विधवा होती. तिचा स्वभाव संशयी. शेंगदाणे घेताना ती पोत्याच्या तळातली मूठ काढायला लावी. दुधात बोट बुडवून बघे. पाळकसाहेबांनी गीताचा आकडा मोठ्याने सांगितला तरी फळ्याकडे पाहून खात्री करून घेई. प्रभूच्या जखमेत बोट घातल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही, असे थोमा शिष्य म्हणाला होता. त्यावरून भगिनी मंडळाच्या बायांनी तिचे नाव 'थोमाबाई' ठेवले होते. तिला मूलबाळ नव्हते, माहेर उरले नव्हते. मंगळवारची भगिनी मंडळाची बैठक एवढेच तिचे गणगोत. तिथेही ती बसण्याआधी सतरंजी झटकून घेई.

मंडळाच्या अध्यक्षा एस्तेरबाई त्रिभुवन. हेडमास्तरांच्या पत्नी. 'विश्वासी स्त्री कशी असावी' या विषयावर त्या दर वर्षी भाषण देत. विश्वासी स्त्री सौम्य असावी, हसतमुख असावी, तिने प्रश्न विचारू नयेत. हे वर्णन दर वर्षी एस्तेरबाईंशी तंतोतंत जुळत असे, आणि दर वर्षी त्यांना त्याचे नव्याने आश्चर्य वाटत असे.

मागच्या नाताळात दबोराने चारचौघींत विचारले होते, "करंज्यांचं तूप नक्की तूपच आहे ना?" तूप तूपच निघाले. एस्तेरबाई रडल्या. मग ठराव झाला: संशय घेऊन मंडळाचा आणखी एकदा अपमान केल्यास दबोरा ओहोळ हिचे नाव कमी करण्यात यावे. सही करण्याआधी दबोराने तो ठराव दोनदा वाचला होता.

आता ऐका. ख्रिस्तमंदिराचा वर्धापनदिन आला. उपासनेनंतर प्रीतिभोजन ठरले. भात, वांग्याची भाजी आणि कढी. (मटणाचा प्रस्ताव एका मताने पडला, ते मत कुणाचे, याचा अजून शोध चालू आहे.) कढीसाठी एस्तेरबाईंनी सासूच्या स्मरणार्थ पितळेचे भले मोठे पातेले दिले होते. सासूचे नाव रस्त्यावरून वाचता येईल एवढ्या अक्षरांत कोरलेले. ताजी कल्हई केलेली, कडा चांदीसारखी झळकत होती. बारा घरांचे आंबट ताक त्यात उकळले. दबोराला स्वयंपाकात मनाई होती. तिला चपला ओळीने लावायचे काम दिले होते.

पाणी प्यायला म्हणून ती चुलीकडे आली. दोन बादल्या कढी नुकतीच काढली होती, पातळी खाली गेली होती. दबोराने वाकून पाहिले.

"एस्तेरबाई, बुडाला कल्हई आहे ना?"

एस्तेरबाई वळल्या.

"आलीस का, थोमाबाई? झाल्या चपला लावून?"

"वरची चार बोटं चकाकतंय. त्याखाली पिवळं दिसतंय."

"हळद आहे ती. आम्ही कढीत हळद घालतो बाई, तुझ्याकडे काय घालतात?"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. एकीने तर झारा खाली ठेवून हसून घेतले.

"आंबट आहे. पितळेत कळकेल. पोरं ओकून ओकून आडवी पडतील," दबोरा म्हणाली. "तुम्ही स्वतः बूड बघितलं होतं का?"

"कल्हईवाल्यानं माझ्यासमोर देवाची शपथ घेतली. मी विश्वास ठेवणारी बाई आहे. भांड्यात डोकं घालत बसत नाही." एस्तेरबाईंचा आवाज मधासारखा झाला; तो असा झाला की बाया मागे सरत. "ठराव आठवतोय ना?"

दबोराला तो आठवत होता, कानामात्रेसकट. मंगळवार आठवले, सतरंजी आठवली. तिने पदराने तोंड पुसले.

"आठवतोय. कढी वाढू नका."

एस्तेरबाईंनी बादल्या परत पातेल्यात ओतायला लावल्या, वर झाकण ठेवले आणि तिला दंडाला धरून पंगतीपुढे नेले. दोनशे माणसे पत्रावळींपुढे बसली होती. पहिल्या पत्रावळीपुढे एस्तेरबाईंची चार वर्षांची नात, तोंडात बोट घालून.

"माई, आज तुम्हीच निकाल लावा. या बाईला विश्वासच नाही."

माईंनी आधी एकीकडे पाहिले, मग दुसरीकडे. विचारले काहीच नाही. म्हणाल्या, "लोक भुकेले आहेत. आधी प्रार्थना, मग निकाल."

सगळ्यांनी डोळे मिटले. एक वाक्य झाले, दोन झाली, तीन झाली. दोनशे हात भाताकडे निघाले.

माईंनी चौथे वाक्य सुरू केले.

हात परत मांडीवर आले. माईंनी भाताबद्दल आभार मानले. मग वांग्याबद्दल. मग ताक देणाऱ्या बारा घरांची नावे घेतली, मग त्या घरांतल्या म्हशींसाठी एकेक करून आशीर्वाद मागितला. तिथून त्या अब्राहामाकडे गेल्या आणि सहकुटुंब मिसर देशात उतरल्या. पाळकसाहेब दोनदा खोकले. हेडमास्तरांनी एक डोळा उघडून घड्याळ पाहिले. नातीने रडायला सुरुवात केली आणि रडता रडता ती झोपली. पण भगिनींनो, आमेन झाल्याखेरीज घास उचलायचा नाही, ही आपली रीत! नगर जिल्ह्यातले दोनशे ख्रिस्ती भाताच्या वासात सव्वा तास उपाशी बसले, आणि एकानेही भांडण काढले नाही. मला विचाराल तर पहिला चमत्कार हाच.

अखेर माई म्हणाल्या, "आमेन."

"कढी गरम करा लवकर," पाळकसाहेब घाईने म्हणाले. एस्तेरबाईंनी स्वतःच्या हाताने झाकण उचलले.

कढीच्या कडेने हिरवेनिळे कडे धरले होते. मोरचुदासारखे. वास जुन्या तांब्याच्या पैशासारखा. चौघांनी पातेले उचलून कढी खड्ड्यात ओतली. चार बोटांच्या खाली कल्हईचा ठिपका नव्हता. बूड लख्ख पिवळे.

एस्तेरबाईंनी झोपलेल्या नातीकडे पाहिले आणि त्या तिच्या उशाशी जाऊन बसल्या.

"माई, तुम्हाला कसं कळलं?" पाळकसाहेबांनी विचारले.

"मला कुठं काय कळलं?" माई म्हणाल्या. "तिसऱ्या वाक्याला आमेन म्हणायला गेले, तर शब्दच येईना. घशाशी कुणी आडवा हात धरावा तसा. मग बोलत राहिले. माणसं संपली, म्हणून म्हशींवर आले."

चिंचबारीत दोन माणसे असे म्हणतात की माईंनी चुलीजवळून जाताना पितळ आधीच पाहिले होते. त्यांतली एक दबोरा. तिने तेव्हाच विचारले, "माई, खरं सांगा, अडलंच होतं का?"

बाया दचकल्या. माई मात्र पोट धरून हसल्या. "तुला प्रभूनं हे डोळे दिलेत, ते मिटून ठेव असं मी कशाला सांगू? विचार तू. विचारत जा. आणि ठराव करणाऱ्यांनो, विश्वास प्रभूवर ठेवायचा असतो, कल्हईवाल्यावर नाही."

एस्तेरबाई उठल्या आणि माईंच्या पायांवर वाकू लागल्या. माईंनी पाय मागे घेतले, छत्री पुढे केली आणि छत्रीच्या टोकाने पातेले दाखवले.

"मला नको, एस्तेर. तिकडं वाक."

दोनशे माणसांदेखत एस्तेरबाई पातेल्यावरच्या सासूच्या नावापाशी गुडघ्यांवर बसल्या आणि खांद्यापर्यंत आत वाकल्या. मग पितळेत घुमून आवाज आला, "दबोरा, चुकले गं मी."

दबोरा पातेल्याजवळ आली होती. तिचे डोळे भरले होते. तरी ती कडेवर वाकून म्हणाली, "बोट घासून बघितलं का?"

आतून आवाज आला, "बघतेय."