उंबऱ्याबाहेरचा ठिपक्या

एका राज्यात एक नगर होतं. केवढं मोठं म्हणाल, तर पूर्वेच्या वेशीपाशी नवरी पालखीत बसली, की पश्चिमेच्या वेशीपाशी सासर येईतो तिच्या हातची मेंदी उतरून जाई. थाप वाटत असेल तर वाटू द्या. पेठेला पेठ लागलेली, गल्लीतून गल्ली फुटलेली, आणि तांबटआळीची बोली कोष्टीआळीला कळत नसे. या एवढ्या नगराचा धनी राजा वीरभान. पण गडी आपल्या नगरातून कधी पायी म्हणून हिंडला नाही. जाई तो पालखीतून, आणि पालखीचे पडदे ओढलेले.

त्या नगराची एक जुनी रीत होती. चुलीवरची शेवटची भाकरी कुत्र्याची. घरच्यांनी घास घेण्याआधी तिचा तुकडा उंबऱ्यावर ठेवायचा. श्रीमंताघरी तूप लावून, गरिबाघरी कोरडा, पण ठेवायचा.

एके दिवशी राजाची स्वारी निघाली होती. बाजारात एक कुत्रं भुंकलं, पुढचा हत्ती बिचकला, मागची पालखी कलंडली, आणि राजाचा मुकुट धुळीत पडला. लोक हसले. आता हसणारे होते पुष्कळ आणि भुंकणारा एकटा, म्हणून सगळा राग निघाला भुंकणाऱ्यावर. राजानं हुकूम काढला, "नगरात कुत्रं दिसता कामा नये. उंबऱ्यावर तुकडा पडता कामा नये. आणि माझ्या देवडीपाशी कुत्रं आलं, तर काठीनं उत्तर द्यावं." हुकूमच तो! सगळी कुत्री वेशीबाहेर हाकलली गेली.

मग एक गोसावी भिक्षेला आला. त्याच्यामागे त्याचं म्हातारं कुत्रं, डोळ्यांनी अधू. देवडीवाल्यानं हुकुमाप्रमाणे काठी घातली. एकाच घावात कुत्रं गेलं. गोसाव्यानं आरडाओरड केली नाही. त्यानं कुत्रं खांद्यावर घेतलं आणि म्हणाला, "राजा, घर राखणाऱ्याला मारलंस. आता तुझ्या नगरात जो घराबाहेर पडेल, त्याला आपलं घर सापडायचं नाही. पुन्हा उंबऱ्यावर तुकडा पडेल, तेव्हा सापडेल." एवढं बोलून तो चालता झाला.

दुपारपासून शाप लागू झाला. माणूस पाणी आणायला जाई आणि माघारी वळून बघे, तर गल्लीच दुसरीकडे वळलेली. दिवेलागणीला जे दार समोर येईल, त्यात लोक शिरत. परक्याच्या चुलीवर परक्याच्या लेकराला भरवत, आणि आपल्याला कोण भरवत असेल म्हणून रडत. राजा मात्र वाड्यातून हललाच नाही, त्यामुळे त्याचं काही बिघडलं नाही. मोठ्यांचं असंच असतं.

राजाला एकुलती एक लेक, कुमुदिनी. आई नसलेली पोर. हुकूम निघाला त्याच दिवशी तिनं एक ठिपक्याठिपक्यांचं पिल्लू आपल्या पलंगाखाली दडवलं होतं. रोज ताटातली अर्धी भाकरी मुठीत धरून ती खोलीत नेई आणि त्याला खाऊ घाली. पिल्लाचा कुत्रा झाला, पण कधी भुंकला नाही. भुंकायचं नाही, हे पोरीनं त्याला समजावलं होतं. त्याचं नाव ठिपक्या.

एकदा ठिपक्याचं पोट बिघडलं. कुत्र्याला अशा वेळी हरळी हवी असते. तिच्या चार काड्या आणायला कुमुदिनी बागेच्या मागल्या दारानं बाहेर पडली. हरळी मिळाली, पण मागलं दार काही सापडेना. राजानं शिपाई धाडले, तेही माघारी आले नाहीत. मग सेनापतीला धाडलं, तोही नाही.

राजा सज्जात डोकं धरून बसला. कठड्यावर एक साळुंकी येऊन बसली आणि माणसासारखी बोलू लागली.

"महाराज, हुकूम मागे घ्या. तुमच्या हातानं उंबऱ्यावर तुकडा ठेवा. राजकन्या आपोआप घरी येईल."

"राजाचा शब्द मागे जात नाही," राजा म्हणाला. "दुसरा उपाय सांग."

साळुंकीनं मान वाकडी करून त्याच्याकडे पाहिलं. "दुसरा उपाय लेकीच्या पलंगाखाली आहे. तो वाट काढील. पण तीन गोष्टी पाळा. त्याच्या पुढे चालू नका. त्याच्याआधी खाऊ नका. आणि ज्याच्या मागून घरी याल, त्याला आधी आत घ्या."

राजानं पलंगाखाली वाकून पाहिलं. दोन डोळे त्याच्याकडे बघत होते. संताप आला का त्याला? आला. पण लेकीची आठवण संतापाहून मोठी होती. त्यानं मुकुट काढून ठेवला, साधं उपरणं घेतलं आणि ठिपक्याला घेऊन मागल्या दारानं बाहेर पडला.

आता जन्मभर पुढे चाललेला माणूस मागे कसा चालेल? पहिल्या चौकात ठिपक्या डावीकडे वळला, तर राजा उजवीकडे गेला. "मी सांगतो, इकडे ये," म्हणाला. ठिपक्या खाली मान घालून त्याच्यामागून आला. गल्ली संपली, तर समोर तोच चौक आणि तोच पिंपळ. राजा सरळ गेला, तरी तोच पिंपळ. शेवटी तो पारावर बसून घाम पुसू लागला. ठिपक्या समोर उभा राहून वाट बघत होता, कुरबुर नाही की काही नाही. राजा म्हणाला, "बरं बाबा, तू पुढे हो."

आणि मग राजानं आपलं नगर पाहिलं! तांबटआळीत तांबटांची ठकठक चाले, तिला हा दचकला. कासारवाड्यात बायकांच्या हातांत बांगड्या चढत होत्या. रंगाऱ्यांच्या पेठेत ओहळ वाहत होता निळा, आणि त्यातून गेल्यावर कुत्र्याचे चारही पाय निळे झाले, राजाचे दोन्ही. राजा हसला. कितीतरी दिवसांनी हसला. ठिपक्या प्रत्येक कोपरा हुंगी, प्रत्येक जोत्यापाशी थांबे आणि मागे वळून राजा येतोय ना ते बघे. असं मागे वळून राजाकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. बघायचे ते सगळे खाली मान घालून.

ऊन चढलं आणि भूक लागली. एका ओसरीवर सगुणाबाई नावाची म्हातारी बसली होती. तिनं राजाला ओळखलं नाही. "वाटसरू दिसतोस रे. बस. पिठलं-भाकरी आहे. घर माझं नाही, पण भूक तुझी खरी आहे." राजानं भाकरी मोडली, घास तोंडाशी नेला, आणि ठिपक्यानं फक्त मान वळवून दुसरीकडे पाहिलं. राजाचा हात थांबला. साळुंकीचं बोलणं आठवलं. आपलाच हुकूमही आठवला, आणि त्यानं आजूबाजूला चोरासारखं बघितलं. मग पहिला तुकडा उंबऱ्यावर ठेवला. ठिपक्यानं तो खाल्ला.

तोच गल्ली गर्रकन फिरली. समोर एक हिरवं दार येऊन उभं राहिलं, दाराशी तुळस, तुळशीला भेग. म्हातारी किंचाळली, "अगं बाई, हे माझं घर!" आणि लुगड्याचा पदर डोळ्यांना लावून आत पळाली.

इथं राजाला कळायला हवं होतं. एका तुकड्यानं एक घर सापडलं, तर नगरभर काय करावं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. त्यालाही कळलं, बरं का. तो स्वतःशी म्हणाला, "हुकूम मागे घ्यायला हवा. आधी पोर सापडू दे, मग बघू." मग बघू! चांगली कामं या दोन शब्दांत बुडतात.

शेवटी ठिपक्या त्याला जुन्या बाजाराच्या तळघरात घेऊन गेला. तिथं एक यक्षीण राहत होती. माणसं हरवू लागल्यापासून तिची चंगळ झाली होती. हरवलेल्या मुली ती आपला ठेवा म्हणून जमवी आणि सगळ्यांना एकच चेहरा देई, म्हणजे कुणाला ओळख पटू नये.

"तुझी कोणती, ती घेऊन जा," यक्षीण म्हणाली. "चुकलास तर तूही माझा."

राजा रांगेपुढून चालत गेला. सगळ्यांचं नाक एक, डोळे एक, कपाळावरचा तीळही एक. आवाजावरून ओळखावं, तर मुली मुक्या झालेल्या. हातांवरून ओळखावं, तर लेकीचे हात कसे आहेत, हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. तो खाली वाकला आणि कुत्र्याला म्हणाला, "ठिपक्या, मला येत नाही रे."

ठिपक्या एकेकीचा हात हुंगत निघाला आणि एकीपाशी थांबला. तिच्या मुठीला रोजच्या भाकरीचा वास होता. मुठीत हरळीच्या सुकलेल्या चार काड्या होत्या. तो त्या मुठीला चाटू लागला, आणि मुलीचा चेहरा दुधावरची साय बाजूला व्हावी तसा निवळला. "आबा," कुमुदिनी म्हणाली आणि बापाच्या गळ्यात पडली. यक्षीण वाटेतून बाजूला झाली. शब्द म्हणजे शब्द, तो तिनं पाळला.

परतीची वाट सोपी होती. ठिपक्या पुढे, राजा मागे, आणि त्याच्या खांद्यावर थकून झोपलेली लेक. सूर्य कलता कलता देवडी दिसली. नगाऱ्यावर टिपरी पडली. "महाराज आले! राजकन्या आली!" म्हणत माणसं धावत आली, आरत्या आल्या, फुलं आली. ठिपक्या नेमका देवडीशी थांबला आणि नेहमीसारखा मागे वळून राजाकडे बघू लागला. राजा गर्दीसोबत त्याच्या शेजारून आत गेला.

मागे काठीचा आवाज झाला. पाठोपाठ कुत्र्याची किंकाळी. राजानं ती ऐकली. ऐकू आली नाही असं तो पुढे कधीच म्हणाला नाही, एवढा खरेपणा त्याच्यात होता. त्याच्या मनात आलं, लेकीला आधी गादीवर ठेवू, मग बघू.

कुमुदिनी जागी झाली ती हेच विचारत, "आबा, ठिपक्या कुठंय?"

राजा जिना उतरून देवडीत धावला. देवडीवाला हात जोडून उभा.

"इथं कुत्रा होता."

"होता महाराज. मारून हाकलला."

"कुणाच्या हुकुमानं?"

"आपल्याच, महाराज."

राजा खाली बसला. देवडीच्या दगडावर निळ्या पायांचे ठसे होते, उंबऱ्यापर्यंत आलेले आणि तिथून वळलेले. तो ढसाढसा रडला. राजे रडत नाहीत म्हणतात, हा रडला. मग उठून मुदपाकखान्यात गेला, शेवटची भाकरी मागून घेतली, आपल्या हातानं उंबऱ्यावर तुकडा ठेवला आणि मोठ्यानं म्हणाला, "माझा शब्द मी मागे घेतो. चुकलो. घरोघर तुकडा ठेवा."

राजाचा शब्द मागे गेला आणि आभाळ काही कोसळलं नाही. सगळ्या गल्ल्या मात्र जागच्या जागी येऊन बसल्या. वेशी उघडल्या. बाहेरची कुत्री आत आली आणि आपापल्या घराकडे सुटली, त्यांच्यामागून माणसं. तळघरातल्या मुलींना आपापले चेहरे मिळाले. आयांना लेकरं, लेकरांना चुली मिळाल्या. त्या संध्याकाळी नगरात असा एकही उंबरा नव्हता जिथं तुकडा नव्हता. वाड्याच्या उंबऱ्यावरचा तुकडा तेवढा तसाच राहिला.

"वाट चुकला असेल," राजा साळुंकीला म्हणाला.

"कुत्रा वाट चुकत नाही, महाराज. त्याला हाकललं आहे."

राजा पायी निघाला, एकटा. सगळ्या पेठा आता त्याच्या ओळखीच्या होत्या. हिरव्या दाराच्या ओसरीवर सगुणाबाईच्या पायाशी ठिपक्या बसला होता, मागचा एक पाय दुखरा. राजाला बघून त्यानं शेपूट हलवली. हो, हलवली! राग नव्हताच त्याच्या पोटी, आणि तेच राजाला सोसवेना. त्यानं राजाच्या हातचा तुकडा खाल्ला, उठला आणि पुढे होऊन लंगडत लंगडत राजाला थेट वाड्यापर्यंत घेऊन आला. देवडीशी थांबला, मागे वळून पाहिलं.

"आत ये," राजा म्हणाला. "आधी तू."

ठिपक्या आला नाही.

राजानं देवडीवाल्याकडची काठी मोडून चुलीत घातली. देवडीची दारं बिजागरीतून काढली. उंबऱ्यावर गालिचा अंथरला. कुमुदिनीनं आतून हाका मारल्या, मूठ पुढे केली. ठिपक्या कान टवकारी, एक पाय उचली, तो पाय हवेतच ठेवी, आणि मग खाली बाहेरच्या बाजूला टेकवी. जिथं काठी पडली होती, त्या रेषेच्या आत तो आला नाही.

मग रोजचं असंच चाललं. तिसऱ्या प्रहरी राजा सगुणाबाईच्या घरी जाई. तिथून कुत्रा पुढे, राजा मागे, असे दोघे नगर हिंडत. लोक राजाला गाऱ्हाणी सांगत, तो ऐके. राज्य सुखाचं झालं, नवी पिढी तर म्हणे की असा राजा झाला नाही. दिवेलागणीला ठिपक्या त्याला वाड्याशी सोडी. कुमुदिनी आपलं ताट घेऊन उंबऱ्याबाहेरच्या पायरीवर बसे आणि त्याच्याबरोबर जेवे. बापाला तिनं कधी बोल लावला नाही. पण वाड्याच्या आत बसून ती पुन्हा जेवली नाही.

राजा आतल्या बाजूला, उंबऱ्याला लागून, पाट मांडून बसे. समोरचं ताट निवून जाई.

"आज?" तो विचारी.

लेक ठिपक्याच्या पाठीवरून हात फिरवत त्याच्याकडे बघे.

"नाही, आबा," ती म्हणे. "आजही नाही."