शेंदूर फासलेलं भांडं

फार पूर्वीची गोष्ट. नदीकाठच्या एका गावात एक कुंभार आणि त्याची कुंभारीण राहत असत. गावात तांब्यापितळेची भांडी आली आणि मातीच्या भांड्यांना कुणी विचारेनासं झालं. त्यातच कुंभारणीचे हात थरथरायला लागले. लोटा तोंडाशी नेला की अर्धं पाणी पदरावर! कुणी पाजलेलं तिला आवडायचं नाही, म्हणून बिचारी तहान मारून बसायची. कुंभाराचा जीव तुटायचा, पण करणार काय?

एकदा माती आणायला तो गावामागच्या जुन्या टेकाडावर गेला. खणता खणता कुदळीला काहीतरी लागलं. बघतो तर काय, एक लालसर भांडं! अंगावर काळ्या रेघांची नक्षी आणि पोटाला वर वळलेली तोटी. किती जुनं असेल, देव जाणे. गावातल्या म्हाताऱ्यांच्या आज्यापणज्यांनीही तसलं भांडं पाहिलं नव्हतं.

झालं! गावभर बोभाटा झाला, "भुईतून देव निघाला!" लोकांनी कुंभाराच्याच ओट्यावर ते बसवलं आणि त्याला शेंदूर फासला. रोज नारळ येऊ लागले, शिधा येऊ लागला. कुंभार पोटभर जेवायचा आणि ऐटीत घंटा वाजवायचा. चाकावर धूळ साचली, तरी त्याला त्याचं काही वाटेना.

एका दुपारी कुंभारीण म्हणाली, "अहो, त्या देवाला जरा आत आणा. मला त्यातून पाणी पिऊन बघायचंय."

"खुळी की काय तू? गाव काय म्हणेल?"

"म्हणू दे. भांडं आहे ते. त्याला पाणी हवं, शेंदूर कशाला? कुणा कुंभाराच्या हातचं आहे, आत बोट घालून बघा."

कुंभारानं चाचपलं. तोटी जोडली होती तिथं आतून अंगठा दाबल्याचा खळगा होता. तोही तोटी जोडताना तसाच अंगठा दाबायचा. त्याला एकदम गलबलून आलं. "अगं, हा तर आपल्यातलाच कुणीतरी!"

त्यानं शेंदूर धुऊन काढला. पण भांडं पडलं जुनं, पाणी ओतताच झिरपायला लागलं. मग कुंभारानं चाक पुसलं आणि तसंच नवं भांडं करायला घेतलं. तोटी मात्र त्यानं आडवी, सरळ बसवली. त्याला वाटलं, जुन्या माणसाचा हात चुकला असेल. भांडं भाजून झालं. कुंभारणीनं ते तोंडाला लावलं आणि पाणी भळकन पदरावर सांडलं.

"शहाणेच आहात!" ती हसत म्हणाली. "त्यानं तोटी वर वळवली ती उगीच का?"

कुंभारानं पुन्हा भांडं केलं, या वेळी तोटी वर वळवून. हात थरथरले तरी थेंब सांडला नाही. कुंभारीण आपल्या हातानं पोटभर पाणी प्यायली. ते बघून कुंभार मुलासारखा रडला. त्या जुन्या कुंभाराच्या घरीही असंच कुणीतरी तहानलेलं असणार, हे त्याला कळलं.

गाव मात्र खवळलं. "देव धुतलास?" म्हणून पाटील ओरडले. नारळ थांबले, शिधा थांबला. कुंभार कण्या खाऊन राहिला, पण त्यानं पुन्हा शेंदूर लावला नाही.

थोड्या दिवसांनी तेच पाटील ओट्याशी येऊन घुटमळले. "आमची आई अंथरुणाला खिळलीय रे. पाणी पाजायला गेलं की ठसका लागतो. तुझ्या बायकोचं भांडं बघितलं मी. त्या जुन्या भांड्यासारखं हुबेहूब एक करून देशील?"

"हुबेहूब नको, पाटील," कुंभार म्हणाला. "ते त्यानं त्याच्या माणसासाठी केलं होतं. चला, आधी मला आईंना बघू द्या. त्या कुठल्या कुशीवर निजतात? तोटी त्या बाजूला हवी."

पाटलांनी कुंभाराचा हात धरला आणि त्याला घरी नेलं.

तात्पर्य: पूर्वजांची कला नुसती पुजून जगत नाही. त्यांनी जशी आपल्या माणसांची तहान ओळखली, तशी आपण आपल्या माणसांची ओळखावी.