सात झिऱ्यांची वेबसाइट

जिथे नदी आठ महिने वाहते आणि चार महिने नुसती वाळू होऊन पडते, अशा एका जंगलात एक सुगरण पक्षी राहत असे. नाव बाईचे वाटते खरे, पण ह्या जातीत घरटी विणतो तो नर, आणि आपला हा सुगरणही नरच होता. विणकामात त्याचा हात धरणारे कोणी नव्हते. गवताची एक काडी जरी वाकडी गेली, तरी तो सबंध घरटे उसवी आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी. त्यामुळे त्याच्या बाभळीवर पुरी झालेली घरटी थोडी आणि अर्धवट लटकणारीच जास्त दिसत.

मुलांनो, ह्या जंगलाच्या टेकडीवर मोबाइलचा टॉवर होता आणि प्राण्यांकडे इंटरनेट होते. आता लगेच भुवया उंचावू नका. गोष्टीतला कोल्हा बोलतो तेव्हा तुम्ही मुकाट्याने ऐकून घेता, मग आमच्या सुगरणाने लॅपटॉप उघडला तर काय बिघडले?

त्याच नदीच्या पात्रात, गोट्यांमध्ये, एक म्हातारी टिटवी राही. सगळे तिला टिटवीमावशी म्हणत. नदी आटल्यावर वाळूत नेमके कुठे खणले म्हणजे खालून पाणी झिरपून वर येते, हे फक्त तिला ठाऊक होते. अशा पाण्याच्या खड्ड्याला झिरा म्हणतात. एरवी उन्हाळ्यात डोहात थोडेफार पाणी उरे, म्हणून झिऱ्यांची कोणाला आठवण होत नसे. पण कित्येक वर्षांतून एखादा उन्हाळा असा येई की डोहदेखील कोरडे पडत. तसा एक उन्हाळा मावशीने अगदी लहानपणी पाहिला होता. तेव्हा तिच्या आईने तिला पायी फिरवून सात झिऱ्यांच्या सात जागा दाखवल्या होत्या. तो उन्हाळा पाहिलेले दुसरे कोणी आता उरले नव्हते.

"माझं वय झालं आता," दिवाळीच्या सुमारास मावशी सगळ्यांसमोर म्हणाली. "आणि यंदा डोह लवकर उतरतोय, माझं लक्ष आहे. मी सांगते, तुमच्यापैकी कोणीतरी लिहून घ्या रे."

सुगरण चटकन पुढे झाला. "मावशी, मी लिहितो. इंटरनेटवर ठेवू, म्हणजे ज्याला लागेल त्याला सापडेल."

मावशीला फार बरे वाटले. "तुझं काम नीटनेटकं असतं. मग तुलाच सांगेन हो. शब्द दिला."

आता प्रश्न आला, इंटरनेटवर ठेवायचे तरी कुठे? शेजारच्या ढोलीत राहणारी साळुंकी एका तयार ब्लॉगवर रोज काहीबाही लिहीत असे. कोणाचे कोणाशी भांडण झाले, कोणाला पिल्ले झाली, घुबडाने चष्मा घेतला, असे सगळे.

"दादा, माझ्यासारखा ब्लॉगच कर," ती म्हणाली. "खातं उघडायचं, लिहायचं, बटण दाबायचं. दुपारपर्यंत होऊन जाईल!"

"ब्लॉग म्हणजे दुसऱ्याच्या झाडातली ढोली," सुगरण नाक वर करून म्हणाला. "मालकाने उद्या झाड तोडलं, तर तू कुठे जाशील? आणि सगळ्यांच्या ब्लॉगला तोच राखाडी पट्टा, तीच अक्षरं. छे! मी वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर घेतो. माझी वेबसाइट मी स्वतः विणणार."

खरे सांगायचे तर त्याचे म्हणणे चूक नव्हते. हे मी आत्ताच कबूल करून टाकतो, कारण पुढे त्याचा राग यायला लागला की तुम्ही ते विसराल.

सुगरण कामाला लागला. त्याने पहिल्या पानावर सात सुरेख चौकटी आखल्या, एकेका झिऱ्यासाठी एकेक. चौकटी रिकाम्या दिसू नयेत म्हणून सॉफ्टवेअरने आपणहून प्रत्येकीत तीन शब्द घालून ठेवले : 'इथे मजकूर येईल.'

मावशी रोज सकाळी लांब काटकुळ्या पायांनी चालत बाभळीखाली येऊन उभी राही.

"लिहायचं का रे आज?"

"मावशी, आज निळा रंग ठरवतोय. ह्या अकरांतला कुठला चांगला दिसेल?"

"कुठलाही घे बाबा. हे बघ, पहिला झिरा आहे ना, तो वरच्या वळणावर..."

"थांबा, थांबा! असं तुकड्यातुकड्याने नको. अक्षरांचं वळण एकदा ठरू दे, मग आपण निवांत बसू. सातही एकदम लिहून टाकू."

"बरं," असे म्हणून मावशी परत जाई. दुसऱ्या दिवशी पुन्हा येई. दिवाळीची संक्रांत झाली, संक्रांतीची होळी झाली. अक्षरे ठरली, पण मग चौकटींचे कोपरे गोल असावेत असे सुगरणाच्या मनात आले. कोपरे गोल झाले, तर पट्टा जाड वाटू लागला. एकदा तर सगळी वेबसाइट पुरी होत आली होती, पण एका पानाची कड दुसऱ्याशी केसभर जुळेना, म्हणून त्याने ती मुळापासून उसवली. अशा वेळी कोणीतरी त्याचे कान धरायला हवे होते. पण सगळे कौतुकच करत राहिले.

साळुंकीला राहवेना. ती म्हणाली, "दादा, तुझं होईतोवर मी मावशींना विचारून माझ्या ब्लॉगवर टाकू का? तुझी वेबसाइट झाली की तिकडे घेऊन जा. हवं तर मी माझं पुसून टाकेन."

"मग माझ्या वेबसाइटवर नवीन काय राहिलं?" सुगरण फणकारला.

साळुंकी मावशीकडे गेली, तर मावशी म्हणाली, "नको गं. त्याला शब्द दिलाय मी. एवढा झटतोय बिचारा, त्याचं मन कशाला मोडू?" मग दोघी इकडच्या तिकडच्या गप्पा मारत बसल्या.

वैशाखातल्या एका सकाळी मावशी आली नाही. त्या दिवशी सुगरण वेबसाइटवर पाण्याच्या लाटा बसवत होता. बोट लावले की लाट हलली पाहिजे, अशी त्याची कल्पना होती. मावशी आली नाही हे त्याच्या लक्षातसुद्धा आले नाही. तिसऱ्या दिवशी लाट हलली. ती दाखवायला तो आनंदाने नदीच्या पात्रात उडत गेला. मावशी गोट्यांमध्ये डोळे मिटून पडली होती. ती केव्हाच गेली होती.

त्या वर्षी ज्येष्ठात डोह आटले. आधी वरचा, मग मधला, मग देवीचा डोह, जो कधी आटत नाही असे सगळे म्हणत तोसुद्धा. रानडुकरीण आपली पाच पिल्ले घेऊन पात्रभर वाळू उकरत फिरली. नाकाडाचे कातडे सोलले, पण पाणी लागले नाही. शेवटी ती बाभळीखाली येऊन उभी राहिली. पिल्ले तिच्या सावलीत दाटीवाटीने बसली.

"दादा, मावशींनी तुम्हाला सांगितलं होतं ना? तेवढी तुमची वेबसाइट उघडा."

सुगरणाने लॅपटॉप उघडून तिच्यासमोर ठेवला. वर सुंदर वळणदार अक्षरांत 'टिटवीमावशीचे सात झिरे' असे लिहिलेले होते. खाली निळ्या लाटा हलत होत्या. रानडुकरिणीने पहिली चौकट वाचली. मग दुसरी वाचली. सातही चौकटी तिने वाचल्या, कारण एखादीत तरी काही असेल असे तिला वाटत होते.

"छान झालीय हो," ती हळूच म्हणाली. "खरंच छान झालीय." आणि पिल्लांना घेऊन निघून गेली.

ती टोमणा मारत नव्हती. एवढी मेहनत केली आहे, तर चार शब्द चांगले बोलावेत, इतकेच तिच्या मनात होते. पण त्या दिवसापासून सुगरणाला कोणाचे कौतुक सहन होईना.

तो साळुंकीकडे धावला. "मावशी तुला कधी काही बोलल्या होत्या का गं? काहीही?"

साळुंकीने आपला ब्लॉग चाळायला घेतला. महिनेच्या महिने नुसत्या चहाड्या आणि बारशी. दुपार कलली तेव्हा एक ओळ सापडली. दोन शब्द चुकीचे लिहिलेले, मांडणीचा पत्ता नाही : 'आज टिटवीमावशी म्हणाली, एक झीरा वाकड्या उंबराच्या खाली आहे, काळ्या खडकाला लागुन. घुबड नव्या चष्म्याने आपटलं.'

सगळे उंबराकडे पळाले. काळ्या खडकाशी हातभर खणताच वाळू ओली झाली आणि थोड्याच वेळात पाणी साचले. त्या एका झिऱ्यावर सगळ्या जंगलाने उन्हाळा काढला. रांगा लागल्या, पाळ्या ठरल्या. दुबळ्यांची पाळी येईतो खड्डा तळाला जाई. पलीकडच्या काठावरची हरणे जंगल सोडून गेली, ती सगळीच परत आली नाहीत. पाऊस पडला तेव्हा रानडुकरिणीच्या मागे चार पिल्ले चालत होती.

उरलेले सहा झिरे आठवायचा सुगरणाने खूप प्रयत्न केला. मावशी कुठे उभी राही, कशी मान वळवी, अकरा निळ्या रंगांची नावे, सगळे त्याला आठवे. जागा मात्र एकही आठवेना. मावशीने सांगायला तोंड उघडले की तोच तिला थांबवत आला होता. वरचे वळण एवढे दोन शब्द त्याच्याजवळ होते. नदीला वर वळणे नऊ होती. तो नऊही वळणांवर चोचीने वाळू उकरत राही. सुगरणाच्या चोचीने किती वाळू निघणार?

पुढे दोन वर्षांनी साळुंकीचा ब्लॉग चालवणाऱ्यांनी खरोखरच तो बंद केला. सुगरणाचे म्हणणे अगदी खरे ठरले, पण ते त्याने कोणाला बोलून दाखवले नाही. साळुंकी ती एकच ओळ घेऊन त्याच्याकडे आली.

"दादा, ही तुझ्याकडे ठेवशील? तुझी वेबसाइट तुझ्याच मालकीची आहे."

त्याने ती ओळ पहिल्या चौकटीत बसवली, घुबडाच्या चष्म्यासकट.

"ते दोन शब्द चुकलेत बघ," साळुंकी ओशाळून म्हणाली. "नीट कर ना. तुला तर काडी वाकडी चालत नाही."

"असू दे," सुगरण म्हणाला. "मावशीचं आपल्याकडे एवढंच आहे."

"मग ह्या खालच्या सहा चौकटी तरी काढून टाक. रिकाम्या बऱ्या दिसत नाहीत."

सुगरणाने नकारार्थी मान हलवली आणि लॅपटॉप मिटला. त्या चौकटी त्याने कधीच काढल्या नाहीत. आजही कोणी ती वेबसाइट उघडली, तर खाली लाटा हलतात आणि सहा ठिकाणी एकच ओळ दिसते : 'इथे मजकूर येईल.'

तात्पर्य : स्वतःची वेबसाइट विणावी की तयार ब्लॉगवर लिहावे, हे सावकाश ठरवले तरी चालते, पण सांगणारे आपले ठरेपर्यंत थांबतीलच असे नाही, म्हणून आधी त्यांचे ऐकावे आणि मिळेल तिथे लिहून ठेवावे.